खडूची वेबसाइट

सरांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा. शर्ट निळा असो की चौकड्यांचा, खिसा पांढरा. त्यात पेन नसायचं, खडू असायचे, तेही शाळेच्या फळ्यावरचे साधे. पहिल्यांदा भेटणारा माणूस त्यांना गणिताचा मास्तर समजून आपल्या मुलाच्या क्लासची चौकशी करायचा. सर शांतपणे सांगायचे, "मी वेबसाइट करतो." समोरचा एकदा खिशाकडे बघायचा, एकदा सरांकडे, आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलून निघून जायचा.

पिंपरीजवळच्या रहाटणीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो सर आले की बंद व्हायचा, कारण त्याने खडूची पूड उडते असं त्यांचं म्हणणं होतं. पण खरं ऑफिस खाली, पार्किंगमध्ये. सर कुठलीही वेबसाइट आधी पार्किंगच्या फरशीवर खडूने काढायचे. एक पान म्हणजे एक चौकोन, त्यात माणूस उभा राहील एवढा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं तर मध्ये दोन रेषांची वाट. पहिला चौकोन गेटजवळ, त्यात दुकानाचं किंवा कंपनीचं नाव. शेवटचा मागच्या खांबापाशी, त्यात 'संपर्क'. मग ज्याची वेबसाइट त्यालाच गिऱ्हाईक करून त्यावरून चालायला लावायचे. चालणं मनासारखं होईपर्यंत वरच्या कॉम्प्युटरला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. झालं, की माझ्याकडे वळून म्हणायचे, "आता कॉम्प्युटर लाव." एवढ्या एका वाक्याची वाट बघत मी कधी कधी महिनाभर बसले आहे.

मी तिथे डिझायनर म्हणून लागले होते. कोर्स नुकताच झालेला, डोक्यात नुसते रंग. आमचं घर काळेवाडीत. वडील पिंपरीतल्या कंपनीत आयुष्यभर शिफ्ट करून थकलेले. त्यामुळे मुलगी खुर्चीत बसून काम करते याचं घरी फार अप्रूप होतं. आई विहारात भेटेल त्याला सांगायची, "आमची पोरगी कॉम्प्युटरवर असते." आमची पोरगी त्या वेळी ओलं फडकं घेऊन पार्किंग पुसत असायची. संध्याकाळी गाड्या परत यायच्या आत फरशी स्वच्छ दिसली पाहिजे, अशी सोसायटीच्या सेक्रेटरींची अट होती. सर स्वतःही फडकं घ्यायचे, नाही असं नाही. पण पुसता पुसता ते एखाद्या चौकोनापाशी उकिडवे बसून विचारात पडायचे आणि उरलेली फरशी माझ्या वाट्याला यायची.

जमिनीवर आखायची ही सवय त्यांना आधीच्या नोकरीत, कंपनीत लागली होती. नवीन शेड उभी राहायची असली की कुठलं मशिन कुठे बसवायचं, ट्रॉली कुठून आत येणार, तयार माल कुठून बाहेर जाणार, हे ठरवायचं त्यांचं खातं होतं. लोखंड येण्याआधी ते जमिनीवर चुन्याने मशिनं आखायचे, आणि ऑपरेटरला त्या रिकाम्या जागेत दिवसभराचं काम खोटंखोटं करायला लावायचे. कुणाचं कोपर कुठे अडतं, कोण उगाच फेरा घालतो, ते बघायचे. "एकदा लोखंड बसलं की माणसानेच वाकायचं," असं म्हणायचे. पुढे व्हीआरएस घेतल्यावर त्यांच्या बरोबरच्यांनी टेम्पो घेतले, खानावळी काढल्या. सरांनी वेबसाइटचं काम धरलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "इथेही माणसंच येतात-जातात. फक्त त्यांचे पाय दिसत नाहीत."

कंपनी सुटली पण कंपनीतले बूट सुटले नाहीत. पुढे लोखंडी टोपी असलेले ते जड सेफ्टी शूज घालूनच ते ऑफिसला यायचे. रस्त्यात काटकोनात वळायचे. भाजी घ्यायला गेले तरी आधी मंडईच्या तोंडाशी उभे राहून लोक डावीकडे वळतात की उजवीकडे ते बघायचे. बरोबरचा माणूस तोवर भाजी घेऊन घरी पोचलेला असायचा.

एकदा पुनावळ्यात एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. जेवणाची रांग सारखी तुंबत होती. सर ताट हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे. मग त्यांनी ताट ठेवलं आणि कोशिंबिरीचं टेबल उचलायला घेतलं. मला म्हणाले, "ते टोक धर." मी साडीत. तरी धरलं. पाणी शेवटी नेलं, ताटं पुढे आणली, आणि खरंच रांग सुटली. तेवढ्यात मुलीचे मामा आले आणि सरांना केटरर समजून पुऱ्या गार झाल्याबद्दल सगळ्यांदेखत फाडफाड बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. कढई फार लांब ठेवली आहे." आणि कढई हलवायला गेले. मी मात्र त्या दिवशी लाजेने पोटभर जेवले नाही.

अशा माणसाकडे कामं येणार कशी? शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये एक जण दोन दिवसांत वेबसाइट करून द्यायचा. आमच्याकडचे निम्मे लोक एकदा पार्किंगमध्ये चालले की तिकडे पळायचे. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. "तो घर बांधून देतो आणि मग विचारतो, राहणार कोण," एवढंच म्हणायचे. आमच्या स्वतःच्या ऑफिसची वेबसाइट तर नव्हतीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा प्रकार. ती अधूनमधून पार्किंगमध्ये आखली जायची आणि संध्याकाळी मी ती पुसायची.

त्यांचं सगळं बोलणं या एकाच गोष्टीभोवती फिरायचं. "तुम्ही कोण ते मागाहून सांगा, तुमच्याकडे कोण येतं ते आधी सांगा." "रंग सगळ्यांना कळतो, म्हणून तो शेवटी." मी एकदा चिडून विचारलं, की कागदावर काढा ना सर, निदान फरशी तरी वाचेल. तर म्हणाले, "कागदावर माणूस चालत नाही. आणि कागदावरचं खोडायला माणसाच्या जिवावर येतं. दुकानाचा बोर्ड पुसायचा तर पेंटर बोलवावा लागतो. खडूला चप्पल पुरते." आणि लगेच बुटाने एक चौकोन पुसूनही दाखवला, जो मी नुकताच काढला होता.

पुनावळ्याचे एक जमीनवाले भाऊ आले होते. पूर्वी गावात शेती, आता त्याच शेतावर इमारती. गळ्यात जाड साखळी. त्यांना फ्लॅट विकायला वेबसाइट हवी होती. "पयल्या पानावर आपला फोटू पायजे, राव. मोठा. मग वडलांचा. मग आपला सत्कार झालेला हाय, त्यो. मग फ्लॅट." सरांनी एका शब्दाने वाद घातला नाही. सांगतील तसे चौकोन काढले. मग भाऊंना गेटबाहेर उभं केलं.

"आता तुम्ही चाकणला कंपनीत आहात. लग्न ठरलंय. दोन खोल्यांचा फ्लॅट बघायला आलात. या."

भाऊ आले. पहिल्या चौकोनात स्वतःचा फोटो बघत थांबले, म्हणजे सरांनी थांबवलं. दुसऱ्यात वडील. तिसऱ्यात शाल आणि नारळ. चौथ्यात भाऊंनी आठवण करून करून घालायला लावलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. दुपारची वेळ, पार्किंगमध्ये वारा नाही. फ्लॅटचा चौकोन यायच्या आत भाऊ एका उभ्या स्कूटरवर टेकले आणि घाम पुसत म्हणाले, "लय लांब हाय हो फ्लॅट."

"गिऱ्हाईक इथूनच परत जातं," सर म्हणाले.

भाऊंनी मागे वळून ते चौकोन मोजले. मग म्हणाले, "फ्लॅट म्होरं घ्या. पर फोटू काढू नका, म्हातारी रुसंल." फोटो खांबामागच्या चौकोनात गेला. भाऊ खूश, आई खूश, आणि मला त्या फोटोला सोनेरी चौकट करायला मिळाली, ती सरांनी काढून टाकली.

पण सर म्हटलं की मला आठवतात ते कुरुळीचे चाचा आणि त्यांची मुलगी.

चाचांचं कुरुळीत वर्कशॉप होतं. पत्र्याला दाबून आकार देणारे लोखंडी साचे, ज्यांना तिकडे डाय म्हणतात, ते दुरुस्त करायचं काम. घराणं गावातलंच, पिढ्यान् पिढ्या लोहारकामातलं. चाकणला कंपन्या आल्या तशी भट्टी गेली आणि ग्राइंडर आले. सगळं काम एकाच मोठ्या कंपनीचं. आता त्या कंपनीने आपली उत्पादनाची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं होतं. नवीन गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर वर्षाच्या आत शटर खाली. चाचांनी हे पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं. एक मुलगा दुबईला, दुसरा हिंजवडीला आयटीत. दोघांपैकी एकही तेलाला हात लावायला परत येणार नव्हता. बरोबर आली होती ती मुलगी, नसीम. अंगावर साधा कुडता, ओढणी डोक्यावरून घेतलेली, आणि बोटांच्या पेरांत ते काळं तेल, जे साबणाने जात नाही. माझ्या वडिलांच्या बोटांतही तेच होतं, म्हणून माझं लगेच लक्ष गेलं.

चौकोन थोडेच होते. पहिल्यात सरांनी चाचांच्या बोर्डावरचं नाव जसंच्या तसं लिहिलं: शेख टूल्स अँड सन्स. पुढे कामाचा चौकोन, मग मशिनांचा, आणि खांबापाशी संपर्क. संपर्काच्या बाबतीत सरांचा एक हट्ट होता. तिथे नंबर लिहून चालायचं नाही. फोन जो उचलणार तो माणूस स्वतः त्या चौकोनात उभा राहिला पाहिजे. चाचा जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, फोटो काढायला उभे राहावं तसे. नसीम खांबाला टेकून बाहेर उभी राहिली.

गिऱ्हाईक मी झाले. सरांनी मला तयार केलं. "तुझा प्रेस बंद पडलाय. लाइन थांबलीय. साहेब डोक्यावर ओरडतोय. जा."

मी भराभर चालत गेले आणि म्हणाले, "डायला तडा गेलाय. डाय न्यायला आज गाडी पाठवाल का?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग खांबाकडे. नसीम हळूच म्हणाली, "टनेज विचारा." म्हणजे प्रेस किती टन दाब देतो ते.

"टनेज किती प्रेसचं?" चाचांनी विचारलं.

मी ठोकून दिलं काहीतरी. "काम कधी होईल?"

चाचांनी पुन्हा खांबाकडे बघितलं. नसीमने खालच्या आवाजात सांगितलं, चाचांनी ते मला मोठ्या आवाजात सांगितलं. मी पुढचा प्रश्न विचारला, मान पुन्हा खांबाकडे. तेव्हा सर मध्ये आले.

"चाचा, तुम्ही कुणाकडे बघताय?"

"लेक हाय माझी. हापिसाचं समदं तीच बघती."

"मग त्या रेषेबाहेर का उभ्या आहेत?"

चाचांनी मागे बांधलेले हात सोडले. मग म्हणाले, "साहेब, पोरीची जात. कंपनीची माणसं फोनवर कायबी बोलत्यात. आन् उद्या ती सासरी जाणार. नाव पोरांचं हाय बोर्डावर."

"अब्बा," नसीम खांबापासूनच म्हणाली, "फोन तर आत्ताबी मीच उचलते. 'थांबा, अब्बांना विचारून सांगते' असं म्हणायचं, फोनवर हात ठेवायचा, जरा वेळ जाऊ द्यायचा, आणि मग मला आधीच माहीत असलेलं सांगायचं. तुम्ही नमाजला गेलेले असता तेव्हापण."

मला हसू आलं. सरांना अजिबात आलं नाही. ते संपर्काच्या चौकोनासमोर उकिडवे बसले, आणि त्याच्या अलीकडे आणखी एक चौकोन काढला. रिकामा.

"म्हणजे गिऱ्हाईकाला ही एक खोली उगाच चालावी लागते," ते म्हणाले. "लाइन बंद पडलेला माणूस इथे उभा राहून वाट बघतो. कशाची? कशाचीच नाही."

एका घरातलं एवढं दुखणं, आणि सरांना त्यात दिसला तो एक जास्तीचा चौकोन. त्यांना तेवढंच दिसायचं. मुलीला न्याय, बापाची चूक, असलं काही त्यांच्या मनात आलं असेल असं मला आजही वाटत नाही.

"नंबर माझाच टाका," चाचा म्हणाले.

"टाकता येईल. पण मग तुम्हालाच उचलावा लागेल. ज्या चौकोनात माणूस नाही, तो मी बांधत नाही."

चाचांचा चेहरा लाल झाला. "तुमी वेबसाइट करता का पंचायत? आमच्या घरात कुनी कुटं उभं ऱ्हायचं ते तुमी सांगनार?" ते ताडताड चौकोनांवरून चालत गेटबाहेर गेले. नसीम मागोमाग गेली, पण रेषांच्या कडेकडेने, एकही न तुडवता.

त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला. मी त्यांच्या तोंडावर बोलले. म्हणाले, "सर, त्या माणसाचं शटर बंद व्हायची वेळ आलीय आणि तुम्हाला चौकोनांचं पडलंय. टाकला असता नंबर तर काय बिघडलं असतं?" सर म्हणाले, "गिऱ्हाईक आलं असतं आणि वाट बघून गेलं असतं. शटर तरीही बंदच झालं असतं. फक्त आपले पैसे मिळाले असते." मी फडकं घेतलं. तर म्हणाले, "हे पुसू नको."

असं त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी गाड्या त्या चौकोनांवर उभ्या राहिल्या. सेक्रेटरी वर येऊन ओरडून गेले. रोज सकाळी टायरखाली पुसट झालेल्या रेषा सर पुन्हा खडूने गिरवायचे आणि वर यायचे. मधला रिकामा चौकोनही गिरवायचे. त्या दिवसांत दुसरं कुठलंही काम त्यांनी फरशीवर घेतलं नाही.

चाचा परत आले ते एका सकाळी, नसीमला घेऊन. वर आले नाहीत. गेटमधूनच हाक मारली. आम्ही खाली गेलो. चाचांचा नूर उतरला होता.

"फोन म्याच उचलला इतके दिस," ते सरांना म्हणाले. "हिला म्हनलं, तू हात लावू नको. काल एका कंपनीचा आला. नवी पार्टी. लय घाईत हुता बिचारा. मी म्हनलं, थांबा, इचारून सांगतो. ही मागं ग्राइंडरवर. हाका मारल्या, ऐकू जाईना. येईस्तवर त्यानं ठेवून दिला. परत लावला तर म्हनला, दुसरीकडं दिलं काम. पयलीच नवी पार्टी आलती, साहेब. माझ्या हातानं घालवली."

चाचा संपर्काच्या चौकोनापाशी गेले, पण आत गेले नाहीत. बाजूला उभे राहून नसीमला म्हणाले, "ये. हितं उभी ऱ्हा."

नसीम गेटपाशीच, पहिल्या चौकोनाजवळ उभी होती. ती हलली नाही. तिने खाली चौकोनाकडे बोट दाखवलं. "इथं काय लिहिलंय बघा अब्बा. सन्स. मी तिथं जाऊन कोण म्हणून उभी राहू? माणूस विचारेल, बाई तुम्ही कोण, तर काय सांगू?"

चाचा एवढी वाट परत चालत आले. गेटजवळच्या चौकोनासमोर उभे राहिले. ते नाव त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं होतं, आणि त्यातला एक 'सन' ते स्वतः होते. वर्कशॉपच्या शटरवर, चलनांवर, टेम्पोच्या काचेवर तेच होतं. सर मध्ये पडले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा निघून जाणार.

चाचांनी उजवा पाय पुढे केला आणि चपलेने 'अँड सन्स' पुसलं. एकदा नाही गेलं, पुन्हा घासलं. त्या जागी दुसरं काही लिहा असं म्हणाले नाहीत. 'शेख टूल्स' तेवढं राहिलं. मग चपलेकडे बघत म्हणाले, "जा आता."

नसीम चालत गेली. या वेळी कडेने नाही, मधून. रिकाम्या चौकोनापाशी पोचली तेव्हा सर पुढे झाले आणि तो बुटाने पुसून टाकला. ती खांबापाशी जाऊन उभी राहिली.

सर माझ्याकडे वळले. "आता कॉम्प्युटर लाव."

मला रडू येत होतं, आणि ते या माणसाला दिसलं असतं तर त्याने मला त्यासाठीही एखादा चौकोन आखून दिला असता, म्हणून मी लगेच जिन्याकडे निघाले. कुरुळीचं ते शटर अजून उघडं आहे. सरांनी पुढे ऑफिस आवरलं, सेक्रेटरींनी पार्किंगला नवी फरशी बसवून घेतली. मी आता हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे वेबसाइटच्या आधी खूप मीटिंगा होतात, पण चालत कुणी नाही.

तेव्हा मात्र मी जिन्यात होते, आणि खालून सरांचा आवाज आला. या वेळी गिऱ्हाईक ते स्वतः झाले होते आणि उगाच आवाज चढवून बोलत होते, "बाई, डायला तडा गेलाय. लाइन बंद आहे. गाडी कधी पाठवता?"

मी थांबले. आता 'थांबा, अब्बांना विचारून सांगते' हे वाक्य येईल, म्हणून.

"टनेज सांगा," नसीम लगेच म्हणाली. "गाडी निघतेय."